बोकडाचा कौल, दलालाचं घर

बोकड अंग झाडत नव्हता.

गल्लीत दीडदोनशे माणसं उभी होती. पोरं पत्र्यांवर चढली होती, बायका दारादारांतून डोकावत होत्या, आणि शाळेला निघालेले दोन मास्तर सायकली भिंतीला टेकवून थांबले होते. डिसेंबरातली गार सकाळ होती. धुरपताबाईंच्या उंबऱ्यात महाराजांचा काळा बोकड उभा होता. त्याची शिंगं नर्मदाबाईंनी धरली होती, कारण घर घेणाऱ्या बाईनंच शिंगं धरायची असा महाराजांचा नियम होता. कौलेश्वर महाराज भगव्या फडक्यात गुंडाळलेल्या लोट्यातून त्याच्या पाठीवर तीर्थ सोडत होते.

"बोल देवा, बोल. सात समुद्रांचं, बारा ज्योतिर्लिंगांचं, अठ्ठावीस नक्षत्रांचं पाणी तुझ्या पाठीवर आहे. ह्या वास्तूत सुख आहे का? लेकराबाळांचं बरं आहे का?"

नक्षत्रांचं पाणी कुठल्या विहिरीतून काढतात, हे कुणी विचारलं नाही. पंचांगातली नक्षत्रं सत्तावीस, हे दोन्ही मास्तरांना माहीत असणार. तेही गप्प राहिले. बोकड शांतपणे उंबऱ्याशी पडलेलं कडब्याचं पान चघळत होता.

महाराजांनी लोटा खाली ठेवला आणि डोळे मिटले. "देव बोलत नाही. ह्या घरात बाधा आहे. घरधनी इथंच अडकलाय."

गर्दीतून हुंकार उमटला. ज्या घरधन्याबद्दल हे चाललं होतं, त्याची विधवा धुरपताबाई तीन हातांवर उभी होती. तिचा नवरा तापानं नांदेडच्या दवाखान्यात वारला होता. ह्या घरात तो मेलाही नव्हता.

"महाराज," ती म्हणाली, "माझा मालक जिता असताना त्यानं दारात आलेल्याला पाण्याबिगर जाऊ दिलं न्हाई. मेल्यावर लोकायला हाकलून राहिला म्हणता? काहून हाकलंल?"

"माय, मेलेल्याचा स्वभाव बदलतो," महाराज म्हणाले, आणि लोक हसले.

एका बाईच्या मेलेल्या नवऱ्याला भर गल्लीत भूत ठरवलं गेलं आणि लोक हसले. ह्या कथेतलं सगळं विसरलात तरी चालेल, ते हसू विसरू नका.

तिथून मिरवणूक नाल्याकडच्या घराकडे गेली. ते नवं होतं, गुलाबी रंगाचं, पुढे लोखंडी फाटक. तिथे महाराजांनी झोळीतून दुसरा लोटा काढला, पांढऱ्या फडक्यातला. मंत्र तोच, बोकड तोच, शिंगं धरणाऱ्या नर्मदाबाईही त्याच. पाण्याची धार डोक्यावरून कानात गेली मात्र, बोकडानं शेपटापासून शिंगांपर्यंत असं अंग झाडलं की पुढच्या रांगेतल्यांच्या तोंडावर शिंतोडे उडाले. लोकांनी ते तीर्थ म्हणून डोळ्यांना लावलं.

"कौल दिला," दलाल तातेराव म्हणाला. दोन्ही घरं त्यानंच दाखवली होती. "संपतराव, आता गुरुवारी ईसाराचे पैसे द्या अन् मोकळे व्हा. देवानं बोट ठेवलेलं घर कोण सोडतं?"

नर्मदाबाईंच्या नवऱ्यानं, संपतरावांनी, मान डोलावली. नर्मदाबाई पदरानं हात पुसत राहिल्या.

हे जोडपं सेनगाव तालुक्यातलं, मेंढपाळाचं. वर्षातले आठ महिने मेंढरांमागं चालण्यात गेलेले. जिथं मुक्काम तिथं पाल, पालापुढं तीन दगडांची चूल. पण वावरं सोयाबीननं भरली, खतासाठी वावरात मेंढरं बसवायला बोलावणारे शेतकरी कमी झाले आणि संपतरावांचे गुडघेही कुरकुरू लागले. त्यांनी सगळा कळप विकला. दाराशी दोन शेळ्या आणि एक बोकड तेवढे ठेवले. आलेल्या पैशात हिंगोलीत एक घर घ्यायचं, पुढच्या खोलीत किराणा दुकान टाकायचं, असं ठरलं. कळप गेला होता. घर चुकलं तर परत फिरायला मागे काही उरलं नव्हतं.

हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, नोकरदार आले, चहूकडे प्लॉट पडले. आदल्या वर्षी ज्वारी उभी होती तिथे चुन्याच्या रेघा दिसत होत्या. ज्याच्याकडे मोटारसायकल होती तो दलाल झाला. आणि दलाल वाढले तसे घराला कौल लावणारे, जमिनीला कान लावणारे, दिशा हुंगणारे वाढले. तातेरावनं आपला एक आणला होता.

कौलेश्वर महाराज मूळचे कुठले, ते कुणाला सांगता येत नव्हतं. पण गिऱ्हाईक त्यांना बरोबर ओळखता येत होतं. मेंढपाळांच्या जत्रेत देवाला बोकड सोडताना त्याच्या अंगावर पाणी घालतात. त्यानं अंग झाडलं तर देवानं मान्य केलं, नाही झाडलं तर देव रुसला. संपतरावांनी हे बापाचा हात धरून पाहिलेलं. माणूस खोटं बोलतो, बोकड बोलत नाही, एवढा त्यांचा विश्वास होता. महाराजांनी तो विश्वास देवळापुढून उचलला आणि घरांच्या बाजारात आणून बसवला.

कौलाच्या आधी महिनाभर नर्मदाबाईंनी स्वतः घरं पाहिली होती, आणि चांगली पाहिली होती. धुरपताबाईंचं घर टेकाडावर होतं. जुनं, दगडाच्या जोत्याचं, मागे आड. त्यांनी भिंतींना खालपासून हात लावून ओल पाहिली, आडाचं पाणी चाखलं, शेजारणीला विचारलं, "श्रावणात पाणी कुठवर येतं वो?" शेजारीण म्हणाली, "आमच्याकडं न्हाई येत माय, खाली नाल्याकडं जातं समदं." नाल्याकडच्या गुलाबी घराच्या भिंतीला मात्र गुडघ्याएवढ्या उंचीवर रंगाचे फोड आले होते. नर्मदाबाईंनी तिथं नख लावलं तर रंग सालपटासारखा निघाला.

आयुष्यात कधी ओढ्याच्या काठी पाल न ठोकलेली ही माणसं. पावसाळ्यात मेंढरं कुठं बसवायची नाहीत, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि तीच माणसं नाल्याच्या काठी जन्माचं घर घ्यायला निघाली होती, कारण शहरातल्या सिमेंटपुढे त्यांना स्वतःच्या डोळ्यांची लाज वाटत होती. राग येतो तो ह्याचा.

दुसऱ्या दिवशी नर्मदाबाई शेळीचं पोट फुगलं म्हणून जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टर रागिणी घुगे त्यांना कळपाच्या दिवसांपासून ओळखत होत्या. शेळीला औषध पाजून झाल्यावरही नर्मदाबाई उठेनात.

"डाक्टरीनबाई, एक इचारू का? हसू नगा."

"विचारा की."

"देवाचं पाणी कोमट ऱ्हातं का?"

डॉक्टर हसल्या नाहीत. "कुठलं पाणी?"

"शिंगं म्या धरली होती. टेकाडावरच्या घरी महाराजांनं वतलं ते पाणी माझ्या हातावरून गेलं. थंडीत हात शेकला जणू. अन् नाल्याकडं वतलं ते असं गार की बोटं आखडली. तवाच बोलणार होते, पण समदे तोंडाकडं बघून राहिले होते."

"आणि बोकडाचं अंग कसं होतं?"

"तेलकट. म्हणलं महाराजाचा बोकड, लाडाचा असंल."

डॉक्टरांनी पाणी कुठं ओतलं तेही विचारलं. एका घरी भगव्या फडक्यातल्या लोट्यातून पाठीवर, दुसऱ्या घरी पांढऱ्यातल्यातून डोक्यावरून कानात. मग त्या म्हणाल्या, "गुरुवारी ईसाराच्या आधी मला बोलवा. तुमचा घरचा बोकड घेऊन या. आणि हे कुणाला सांगू नका, घरधन्यालाही नाही."

"त्यायला सांगून बी काय, त्यायला कौल लागलाय."

गुरुवारी गुलाबी घरापुढे पुन्हा गर्दी जमली. तातेरावनं पेढे आणले होते. महाराज पाटावर बसले होते, शेजारी झोळी; नंतर आणखी एका घराला कौल लावायचा होता. डॉक्टर आल्या आणि सरळ संपतरावांपुढे उभ्या राहिल्या.

"संपतराव, मला कौल बघायचाय. मी उशिरा आले, माझा चुकला."

"देवाची परीक्षा घेत नाहीत, बाई," महाराज म्हणाले.

"परीक्षा बोकडाची घेते. तो आमच्या खात्यात येतो."

लोक हसले. ह्या वेळी ते महाराजांना हसले.

नर्मदाबाईंचा बोकड पुढे आला. डॉक्टरांनी त्याच्या पाठीला गोडं तेल चोळलं, घरून आणलेलं कोमट पाणी हळूच पाठीवर सोडलं. केसांवरून पाणी ओघळून गेलं. बोकड मख्ख उभा.

"ज्या दारात देवानं कौल दिला, त्याच दारात आता देव गप्प आहे," डॉक्टर म्हणाल्या. "चला टेकाडावर."

सगळी गर्दी वर चढली. धुरपताबाई दारात आली, पुन्हा काय नवी तकलीफ म्हणून. डॉक्टरांनी तिच्याच रांजणातलं गार पाणी तांब्यात घेतलं आणि बोकडाच्या कानात धार धरली. बोकडानं असं अंग झाडलं की डॉक्टरांचा चष्मा भिजला.

"बाधेच्या घरात कौल मिळाला," त्या चष्मा पुसत म्हणाल्या. "आता ऐका. कानात गार पाणी गेलं की बोकड अंग झाडतो, कुत्रा झाडतो, म्हैस कान फडफडवते. त्यांना पाणी बाहेर टाकायचं असतं. तेलकट पाठीवर कोमट पाणी पडलं तर त्यांना ते कळतसुद्धा नाही. ज्या घराला हो म्हणायचं तिथे कान, ज्याला नाही म्हणायचं तिथे पाठ. एवढाच देव."

"तुमचा बोकड अशुद्ध आहे," महाराज म्हणाले.

"बरं. मग मला एवढंच सांगा, घरात बाधा आहे की नाही हे बोकड सांगणार होता ना? मग बोकडानं सांगायच्या आधीच तुम्हाला कुठला लोटा काढायचा ते कसं कळलं?"

महाराजांनी तातेरावकडे पाहिलं. तातेरावनं हातातल्या पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं. तेवढ्यात सायकलवाल्या मास्तरांपैकी एकानं पाटाशेजारून उचलून आणलेली झोळी उघडली. भगव्या फडक्यातून लोट्याबरोबर एक थर्मास निघाला.

"सूर्यतीर्थ," महाराज म्हणाले.

"झाकण उघडा, वाफ निघंल," नर्मदाबाई म्हणाल्या. झाकण उघडलं, वाफ निघाली.

मग धुरपताबाई बोलली. तिचा आवाज चढला नव्हता. "तातेरावभाऊ, कौल झाला त्याच दिवशी सांजच्याला तुमी माझ्याकडं आले होते. म्हणले, आता हे घर कुणी घेत न्हाई, मलाच दे अर्ध्यात, मी शांत करून घेतो. माझ्या मालकाला भूत तुमी केलं, अन् शांत करायला बी तुमीच येऊन राहिले."

तातेराव आणि महाराज एकाच जीपमध्ये बसून गेले. त्यांना कुणी अडवलं नाही. पाया पडलेली माणसं लगेच कॉलर धरू शकत नाहीत. त्यांना आधी स्वतःचं कपाळ पुसावं लागतं.

संपतराव अजून बोकडाकडेच बघत होते. "पण बोकड खोटं न्हाई बोलत, बाई."

"नाहीच बोलला. त्याला गार लागलं, त्यानं झाडलं. त्याच्या तोंडी जे घातलं ते माणसांनी."

"बापानं आमाला हेच दाखवलं व्हतं."

"बापानं तुम्हाला नाल्याकाठी पाल ठोकायला शिकवलं होतं का?"

संपतरावांनी खाली नाल्याकडे पाहिलं, टेकाडाचा उतार पाहिला, जोत्याच्या दगडावर हात ठेवला. घर दाखवायला सुरुवात झाल्यापासून ते पहिल्यांदाच घर बघत होते.

"शिंगं धरून माझी मनगटं दुखली," नर्मदाबाई म्हणाल्या. "आता म्या सांगते ते ऐका. मला हेच घर पायजे. पाणी गोड हाये, भित्ती कोरड्या हायेत अन् मालकीण खरी बोलती."

धुरपताबाईनं त्यांना आत बोलावलं आणि आडाचं पाणी प्यायला दिलं. घराचे कागद नर्मदाबाईंनी डॉक्टरांकडून वाचून घेतले, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन पडताळले, आणि मगच ईसार दिला.

तातेरावच्या मालकीचं ते गुलाबी घरही पुढच्या वर्षी विकलं गेलं. घेणारे पदवीधर होते. बोकडाची हकिगत ऐकून ते पोट धरून हसले, मग होकायंत्र घेऊन आलेल्या वास्तुतज्ज्ञानं दार पूर्वेला आहे म्हटल्यावर त्यांनी सही केली. पहिल्याच मोठ्या पावसात नाल्याचं पाणी त्याच पूर्वेच्या दारातून आत आलं.

घर घेणाऱ्यांनो, बोकड असो की होकायंत्र, दोघांनाही घरात राहायचं नाही. राहायचं तुम्हाला आहे. पावसात जाऊन पाहा, भिंतीला खाली हात लावा, चार शेजाऱ्यांना विचारा, उन्हाळ्यात पाणी किती राहतं ते विचारा, कागद स्वतः तपासा. आणि कुणी देवाचं नाव घेऊन एका घराकडे बोट दाखवू लागला, तर ते घर विकलं गेल्यावर त्याच्या खिशात काय पडणार, हे त्याला सगळ्यांसमोर विचारा. उत्तर आलं नाही, तर तेच उत्तर समजा.