खांबाची बास्केट

"वरचं बटण लाव रे, आतली जर्सी दिसतेय!" मॅनेजर दबक्या आवाजात खेकसला. "प्रेक्षक आहेस ना तू? मग प्रेक्षकासारखा बस."

खांबाने बटण लावलं. टीममध्ये सगळे त्याला खांबच म्हणत. व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या त्या पहिल्या आणि शेवटच्या हंगामात त्याला खेळायला काही मिळालं नव्हतं. मॅच टीव्हीवर दिसायची आणि बघायला काळं कुत्रं फिरकायचं नाही, म्हणून राखीव खेळाडूंना जर्सीवर शर्ट चढवून कॅमेऱ्यासमोरच्या खुर्च्यांवर बसवलं जाई. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटावं, या गावात माणसं काय उंच निपजतात!

खांब मन लावून टाळ्या वाजवायचा. "याच्याकडून शिका," असं मॅनेजर एकदा सगळ्यांदेखत म्हणाला होता. ते ऐकून आपल्याला बरं वाटलं होतं, याची त्याला अजून लाज वाटायची.

घरी मात्र तो फोनवर "जोरात खेळतोय" असं सांगायचा. त्याचे वडील शिंपी. "तुझ्यात कापड फार जातं," असं आयुष्यभर कुरकुरत त्यांनीच त्याला वाढवलं. आणि आज ते न कळवता मॅच बघायला आले.

"तू इथे वर काय करतोयस?" शेजारच्या खुर्चीत टेकत त्यांनी विचारलं.

"आज आराम दिलाय, बाबा."

"बरोबर आहे. दमला असशील." त्यांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. खांबाला जमीन दुभंगायला हवी होती, पण खाली सिमेंट होतं. बाबांनी आजूबाजूला नजर फिरवली. "ही सगळी माणसं तुझ्याएवढी कशी रे?"

"इथलं पाणी."

"हं." बाबांना पटलं. "आणि खाली त्या खेळाडूंची चड्डी कुणी शिवलीय? निकाल लावलाय कापडाचा."

मध्यंतरात बाबांना लघवीला जायचं होतं. एकच संडास चालू होता, तोही स्टेडियमच्या पार मागे. खांब सोबत गेला. बाबा सावकाश चालत गेले, सावकाश आले. परत येऊन बघतात तो खेळ केव्हाच सुरू झालेला.

बूड टेकतंय तोच शिट्टी वाजली. एका खेळाडूचे पाच फाउल भरले, म्हणजे तो बाद. दुसऱ्याचा पाय आधीच मुरगळलेला. मॅनेजरने बाकाकडे पाहिलं, तर बाक रिकामं. सगळं बाक प्रेक्षकांत बसलेलं. त्याने वर बघून हात हलवला. "खांब! ए खांबा, उतर!"

खांबाने शर्ट काढून बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो शिवणीवर शिवण जुळवून घडी घातला. तिकीट काढून आलेल्या एका बाई मॅनेजरला ओरडून म्हणाल्या, "अहो, आमच्यातलं कुणी उतरलं तर चालतं का?"

उतरल्या उतरल्या बॉल हातात आला. खांब सुटला. समोर वाट मोकळी होती. आपल्याला कुणीच आडवं येत नाही, यात काही काळंबेरं असेल असं त्याला वाटलं नाही. बाबा आलेत म्हणून देव प्रसन्न झाला, असं वाटलं. त्याने उडी मारून बॉल टाकला. बॉल जाळीतून अलगद खाली आला.

स्टेडियम चिडीचूप झालं. मग पंचांनी गुण समोरच्या टीमला दिले, आणि मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे खांबाला आठवलं. बाजू बदलल्या तेव्हा तो संडासाबाहेर बाबांची वाट बघत उभा होता.

वर एकच माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता. काखेत घडी केलेला शर्ट.

मॅनेजर रागावलाही नाही. "तू आपला वरच बस रे बाबा," एवढंच म्हणाला.

मॅच संपल्यावर दोघं बसने निघाले. बाबांना जागा मिळाली, खांब शेजारी उभा राहिला. लीगची अवस्था अशी की पंचांनाही बसनेच घरी जावं लागे. साधे कपडे घालून ते नेमके बाबांच्या शेजारी येऊन बसले. बाबांनी ओळखलं नाही. खांबाने ओळखलं.

"हा माझा मुलगा," बाबांनी त्यांना सांगितलं. "मॅचला होतात का? एकदाच उतरला आणि उतरल्या उतरल्या टाकला."

"बाबा, जाऊ द्या ना."

"तू गप. लाजतो हो फार. बघितलंत का तुम्ही?"

पंचांनी मान वर करून खांबाकडे पाहिलं.

"बघितलं," ते म्हणाले. "जवळच होतो मी. स्वच्छ टाकला. रिंगला शिवला नाही बॉल."

"नाही ना? मग लोक एवढे गप्प कसे बसले हो?"

पंचांनी मांडीवरची पिशवी नीट केली. "असं कधी बघितलंच नव्हतं कुणी."

बाबा समाधानाने खिडकीबाहेर बघू लागले. बसचं छत बुटकं होतं. मान खाली घालायला खांबाला वेगळं कारण द्यावं लागलं नाही.