नादमहाराजांचा खालचा भोंगा

नृत्यवर्गाच्या त्या जुन्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि गंमत म्हणजे सगळा मामला पायांचाच होता. ओळीने मांडलेल्या खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं, आणि त्यांची अनवाणी पावलं समोरच्या लांबलचक पोकळ चौथऱ्यावर टेकवलेली. कुणाची टाच दुखत होती, कुणाचे गुडघे. माझ्या ताईचे तळवे साखरेच्या आजाराने बधिर झाले होते. पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी ती तशीच पुढे चालत जायची.

मी तिच्या सोबतीला आलो होतो. बायको गेल्यापासून मी कुठेही सोबत म्हणूनच जात असे. चिडायला किंवा हसायला जे काही आत लागतं, ते माझ्यात उरलं नव्हतं. लोक तोंडात बोटं घालून बघत होते आणि मी छतावरचे पंखे बघत होतो.

चौथऱ्याच्या टोकाला दोन लोखंडी नळ्यांवर दोन छोटे स्पीकर उभे होते. प्रत्येकात वर दोन बारके भोंगे आणि खाली एक मोठा. मधल्या स्टुलावर अँप्लिफायर. त्यातून बासरी वाजत होती, आणि बासरीखाली एक जाड घुमारा.

"यंत्र बोलतं ते कानांसाठी," नादमहाराज म्हणाले. अंगात रेशमी झब्बा, डोळे अर्धे मिटलेले. "नाद बोलतो तो हाडांसाठी! आता यंत्राला रजा देऊ."

त्यांनी अँप्लिफायरच्या पाठीतल्या वायरी उपटल्या आणि तो उचलून पहिल्या रांगेतल्या एका आजींच्या मांडीवर ठेवला. बासरी गप्प झाली. घुमारा मात्र चालूच राहिला. चौथरा थरथरत होता.

"आजी, यंत्र कुठे आहे?"

"माझ्या मांडीवर, महाराज."

"मग हे काय वाजतंय?"

आजींनी हात जोडले. माझ्या शेजारचे निवृत्त इंजिनिअर चष्मा काढून डोळे पुसू लागले. या गृहस्थांनी आयुष्यभर पूल बांधले होते म्हणे.

"पथ्य एकच," महाराज म्हणाले. "ज्याच्या अंगात सुई जाते, त्याच्या अंगात नाद टिकत नाही. भोक पडलेल्या भांड्यात पाणी टिकतं का?"

घरी आल्यावर मी ताईचा फ्रिज उघडला. इन्सुलिनच्या कुप्या दारात तशाच उभ्या होत्या.

"बंद केलंस?"

"केलं. पहिल्या बैठकीपासूनच."

"डॉक्टरांना विचारून?"

"डॉक्टर म्हणतात, तळव्यांची जाण परत येईल याची खात्री नाही. बैठकीत पहिल्याच दिवशी आली. लागतं रे पायाला, खरंच लागतं. तुला काय कळणार? तुझे पाय धडधाकट आहेत."

ती सारखी पाणी पीत होती, बोलताना तिला धाप लागत होती. मी डॉक्टरांना फोन केला. "आजच सुरू करायला सांगा," ते म्हणाले. "त्या बेशुद्ध पडतील. आणि पायाला एखादी जखम झाली, तर पाय कापायची वेळ येईल." हे मी हवामानाचा अंदाज ऐकावा तसं ऐकलं आणि ताईला जसंच्या तसं सांगितलं.

"उद्याची बैठक होऊ दे," ती म्हणाली. "मग बघू."

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. विजेशी माझा संबंध बटणापुरता. पण आमच्या घरात स्पीकरचं वेड होतं ते बायकोला. तिचेही स्पीकर असेच छोटे, तीन-तीन भोंग्यांचे. एका अँप्लिफायरवर खालच्या भोंग्याचा जीव गुदमरतो, असं तिचं म्हणणं. म्हणून तिने खालच्या भोंग्यांसाठी वेगळा अँप्लिफायर घेतला. स्पीकरच्या पाठीला वायरी जोडायच्या चार खुंट्या असतात, वरच्या भोंग्यांसाठी दोन, खालच्यासाठी दोन. कारखान्यातून येताना त्या धातूच्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. पट्ट्या काढल्या की वरचा संसार वेगळा आणि खालचा वेगळा. कधी ती एक अँप्लिफायर बंद करायची आणि दुसरा विसरायची. मग गाणारी गायब व्हायची आणि घरभर नुसता घुम्म आवाज उरायचा.

हॉलमधला आवाज तोच होता. माझ्या घरी जाऊन मी बायकोचा खण उघडला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. पट्ट्या एका काडेपेटीत होत्या. आता तरी रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. काडेपेटी खिशात टाकली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी वायरी उपटून अँप्लिफायर नेमका ताईच्या मांडीवर ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. मी उठलो.

"महाराज, स्पीकरला हात लावून बघू का?"

"श्रद्धेने लाव, बाळा."

"श्रद्धा आणली नाही. नुसता हात आहे."

वरच्या भोंग्यांना बोट लावलं, ते गार पडलेले. खालचा थरथरत होता. मी स्पीकर फिरवला. पट्ट्या नव्हत्याच. खालच्या खुंट्यांतून एक बारीक काळी वायर निघून लोखंडी नळीत शिरली होती.

"ही वायर कुठे जाते?"

"ती अर्थिंगची!" महाराजांचे डोळे एकदम पूर्ण उघडले.

"नादाला अर्थिंग लागतं होय?" मागून कुणीतरी विचारलं.

मी वरच्या मोकळ्या वायरी काढून बाजूला केल्या, दोन्ही पट्ट्या बसवल्या आणि खुंट्या आवळल्या. त्याबरोबर वरचे भोंगे जागे झाले. नादाच्या जागी हॉलमध्ये एक उभा ट्रक घरघरू लागला. पत्रा खडखडत होता, कुणीतरी शीळ घालत होतं, आणि मग लख्ख आवाज आला, "अरे ए, डिझेल भरलंस का? आधी मागचं दार लाव!"

सगळा हॉल हसला. इंजिनिअर मात्र लालबुंद झाले आणि त्यांनी स्वतःच वाकून चौथऱ्याची फळी उचलली. आत दुसरा अँप्लिफायर दिवा लावून बसला होता.

मी सांगितलं, "काही चमत्कार नाही. मांडीवर दिलेलं यंत्र वरच्या भोंग्यांचं. खालच्या भोंग्यांचं यंत्र हे इथे लपवलंय, आणि त्यावर उभ्या ट्रकचं रेकॉर्डिंग लावलंय. खालचा भोंगा फक्त जाड आवाज काढतो, म्हणून ट्रकचा घुमारा तेवढा ऐकू येत होता, बाकी सगळं गाळलं जात होतं. फळी हलते ती त्यानेच."

महाराज पक्के होते. "अरे, ट्रकातून आला तरी नाद तो नादच! तुमच्या पायांना लागला की नाही?"

आणि काय सांगू, अर्ध्या माना डोलल्या. हसलेली माणसंच डोलली. मला राग यायला हवा होता. पण तोही आला नाही.

"धाकट्या," ताई हळूच म्हणाली, "ते खरं आहे. माझ्या तळव्यांना लागतं."

"ताई, फळी हलली की नडगी हलते, गुडघा हलतो. तुला कळतं ते तिथे."

"नाही. तळव्यांना."

मी तिच्यासमोर खाली बसलो. तिचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला आणि तळवा वर केला. टाचेच्या जरा वर, नृत्यवर्गाच्या फलकावर कागद लावतात तसली पितळी टाचणी डोक्यापर्यंत रुतलेली होती. भोवती रक्त सुकून काळं झालं होतं, कातडी सुजली होती.

"आत्ता इथे काय वाटतंय?" मी विचारलं.

"कुठे?"

मी टाचणी उपटली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काही तरी करीन म्हणून वाट बघत होती.

टाचणी मी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती बघितली, माझी बोटं बघितली, मग वाकून पाय बघितला.

"कधीची रे ही?"

"मला कसं माहीत असणार, ताई? पाय तुझा आहे."

एवढं बोललो आणि मला रडू फुटलं. बायकोच्या वेळी आलं नव्हतं ते सगळं तिथे, परक्या लोकांसमोर, ताईचा पाय मांडीवर घेऊन. ताईने मांडीवरचा अँप्लिफायर जमिनीवर ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चल दवाखान्यात," ती म्हणाली.

महाराज बोलतच होते. पण रांगेतली माणसं एकेक करून आपापले पाय उलटे करून बघू लागली होती, आणि महाराजांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

ताईला दवाखान्यात ठेवून घेतलं. इन्सुलिन तिथेच सुरू झालं. पाय वाचेल का, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

वायरी आणि खुंट्या तुम्ही विसरलात तरी चालेल. फसवणारा उद्या दुसरं यंत्र आणेल. लक्षात एवढंच ठेवा, जो औषध बंद करायला सांगतो, त्याला आधी प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत औषध चालू ठेवा. आणि तुमच्या घरात साखरेचा आजार असलेलं कुणी असेल, तर आज त्यांची पावलं हातात घेऊन उजेडात नीट बघा. त्यांना कळत नसतं. तुम्हाला दिसतं.