गियरवरचा हात

लायसन्सचा विषय निघाला की अरुंधतीचं डोकं फिरायचं. पनवेलच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहाटे उठून जाऊन ती गाडी शिकली होती. पेणच्या आरटीओत, कपाळाला आठ्या घातलेल्या साहेबाला शेजारी बसवून, तिनं गाडी पुढे-मागे घेऊन दाखवली होती. पहिल्याच खेपेला पास झाली. पेढे घेऊन घरी आली, तेव्हा सासऱ्यांनी पेढा तोंडात टाकला आणि तोंड पुसत ते म्हणाले, "हे लायसन्स साबणाच्या डबीचं. गाडीचं नव्हे."

साबणाची डबी म्हणजे मारुती. स्कूलची गाडी मारुती होती आणि घरी अंगणात उभी होती तीही मारुतीच. गेल्या दिवाळीत, नंबर लावून कित्येक वर्षं वाट पाहिल्यावर, ती पांढरीशुभ्र गाडी वडाळे तळ्याजवळच्या त्यांच्या घरी आली होती. तिच्या शेजारी जुनी फियाट. सासरे कृष्णकांत, ज्यांना सगळं घर नाना म्हणायचं, मीठ खात्यात नोकरीला होते. उरणपासून पेणपर्यंतची मिठागरं त्यांनी त्याच फियाटनं पालथी घातली होती. निवृत्त झाले तरी भाजी आणायलाही फियाटच काढायचे. मारुती मात्र रोज सकाळी स्वतःच्या हातानं धुवायची, पुसायची आणि परत तिच्यावर कापड ओढायचं. किल्ली बंडीच्या खिशात.

ती किल्ली शनिवारी खिशातून निघायची. धाकटा दीर सत्यजीत पुण्याहून यायचा, हात पुढे करायचा आणि नाना किल्ली द्यायचे. सत्यजीतनं मंगल कार्यालयाच्या फाटकाला गाडी घासली, दारावर वीतभर ओरखडा उठला, तेव्हा नाना म्हणाले, लागतं कधीकधी. त्याला कुणी विचारलं नाही की तुझं लायसन्स कशाचं.

हे सगळं अरुंधतीनं सोडून दिलं असतं. आजवर सोडलंच होतं. पण त्या उन्हाळ्यात गव्हाणच्या शाळेतून तिला बोलावणं आलं. सायन्सच्या बाई हव्या होत्या. बी.एड. होऊन ती इतकी वर्षं घरात बसून होती आणि आता कुठे दार उघडत होतं. हेडमास्तरांची अट एकच, की सकाळच्या प्रार्थनेला बाई हजर पाहिजेत. उरणकडे जाणारी एस.टी. त्या वेळेला पोचत नव्हती, आणि पोचली तरी फाट्यावर उतरून पुढे पायपीट होतीच. गाडी असेल तर नोकरी. दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी जाऊन होकार द्यायचा होता.

तिनं किल्ली मागितली. नाना झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी पायानं झोपाळा थांबवला.

"फियाटनं खंडाळ्याचा घाट चढवून दाखव. मग किल्ली तुझी."

नवरा, कुमार, तिथंच पेपर वाचत होता. तो कंपनीच्या बसनं फोर्टात जायचा आणि त्याला स्वतःला सायकलसुद्धा धड येत नव्हती. रात्री तो म्हणाला की नानांचं ऐकून घे, तेवढंच त्यांना बरं वाटतं. अरुंधतीनं कूस बदलली. भांडायचं ते त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता.

मग पंधरवडाभर, रोज संध्याकाळी, ती विचुंब्याच्या बाजूला नव्या बिल्डिंगांमधल्या रिकाम्या रस्त्यांवर फियाट चालवायला गेली. शेजारी नाना. खोटं कशाला सांगा, फियाट वाईट गाडी नव्हती. पुढची सीट सलग, सोफ्यासारखी. खड्ड्यांतून गेली तरी पोटातलं पाणी हलत नसे. मारुतीत त्याच खड्ड्याला दात वाजायचे. पण उभ्या गाडीचं स्टिअरिंग वळवायचं तर खांदे भरून यायचे. क्लच दाबायला अर्धं अंग उचलावं लागे. ब्रेक पहिल्यांदा नुसता खाली जायचा, दुसऱ्यांदा दाबला की धरायचा. आणि गियर स्टिअरिंगच्याच दांड्याला, डाव्या हाताशी. खिचडीत पळी फिरवावी तसा तो फिरायचा आणि नेमका कुठे पडला ते आवाजावरून ओळखायचं. मारुतीचा गियर खाली, दोन सीटांच्या मध्ये. ढकलला की टक् करून बसला. स्टिअरिंग दोन बोटांनी वळायचं. मारुतीत ती रस्ता बघायची. फियाटमध्ये अर्धा जीव गाडीकडेच लागलेला असायचा.

तरी ती शिकली. हाताला घट्टे पडले, पण शिकली. नाना कधी चांगलं म्हणाले नाहीत. नुसते समोर बघत बसायचे आणि त्यांचा उजवा हात सीटवर चुळबुळत राहायचा.

रविवारी निघाले. मागे सत्यजीत, त्याला ही सगळी मजा वाटत होती. चौक गेलं, खोपोली आली. तिथं गाडी थंड करून रेडिएटरमध्ये पाणी भरलं. घाट सुरू झाला. शिंगरोबाच्या देवळाशी नानांनी खिडकीतून नाणं टाकलं आणि हात जोडले. अरुंधतीनं मनातल्या मनात जोडले, हात मोकळे नव्हते. एक वळण गेलं, दुसरं गेलं. इंजिनाचा आवाज तिला कळत होता. मागून सत्यजीत म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर ट्रकवाल्यांच्या पोटावर पाय देणार," आणि तीही हसली.

पुढचं वळण उभं होतं. तिथं गाडी जवळजवळ थांबवून पहिला गियर टाकायचा, हे तिला ठाऊक होतं. विचुंब्याच्या चढावर तिनं ते शंभरदा केलं होतं. तिनं वेग कमी केला, क्लच दाबला, डावा हात गियरकडे नेला. गियरवर आधीच एक हात होता.

नानांचा. त्यांनी शेजारून हात घातला आणि दांडा स्वतःकडे ओढला. खर्र असा आवाज झाला, गाडीनं गचका खाल्ला आणि इंजिन बंद पडलं. गाडी मागे सरकू लागली. अरुंधती ब्रेकवर अक्षरशः उभी राहिली. पहिल्यांदा खाली गेला, दुसऱ्यांदा धरला. मागच्या ट्रकनं हॉर्न दाबून धरला होता. सत्यजीत उडी मारून उतरला आणि त्यानं चाकामागे दगड लावला.

"उतार चढ काही कळत नाही," नाना म्हणाले. ते खाली उतरून पुढून वळसा घालून आले आणि दार उघडून म्हणाले, "सरक तिकडे."

सीट सलग होती. ती सरकली. नानांनी इंजिन चालू केलं, अर्धा क्लच धरून गाडी इतकी रेटली की जळक्या रबरासारखा वास भरला. गाडी कशीबशी वर गेली. खंडाळ्याला चहा पिताना नाना सत्यजीतला सांगत होते की ऐन वळणावर हिचा हात थरथरला.

"हात माझा नव्हता गियरवर," अरुंधती म्हणाली.

"नव्हताच. म्हणून मला घालावा लागला."

सत्यजीतनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तो बशीत चहा ओतत राहिला. अरुंधतीला त्या क्षणी नानांपेक्षा त्याचा जास्त राग आला, आणि सत्यजीतपेक्षा स्वतःचा, की ती सरक म्हटल्यावर सरकली.

परतताना फियाटचा क्लच निकामी झाला. पनवेलच्या अलीकडे ती ढकलत काळूरामच्या गॅरेजमध्ये न्यावी लागली. काळूरामनं वास घेतला आणि विचारलं की क्लच कुणी जाळला. नाना म्हणाले, "शिकाऊ हात होता." अरुंधती तिथंच उभी होती. बोलली असती तर काय बोलली असती कोण जाणे.

संध्याकाळी सत्यजीत पुण्याला गेला. रात्री जेवताना अरुंधतीनं वाढता वाढता सांगितलं की उद्या सकाळी मला गव्हाणला जायचं आहे. फियाट गॅरेजमध्ये आहे. मी नापास आहे. तेव्हा नाना, तुम्हीच मला मारुतीनं सोडा.

नानांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, रिक्षा करू. ती म्हणाली, दारात गाडी असताना? कुमारही म्हणाला, हो, नानांनीच न्यावं. त्याला वाटलं आता घरात शांतता झाली.

सकाळी नानांनी कापड काढलं, चाकांवरून फडकं फिरवलं, काच पुसली, पुन्हा पुसली. मग ते गाडीत बसले. अरुंधती शेजारी. समोरच्या ओट्यावर पेंडसे वकिलांच्या घरची माणसं दात घासत उभी होती. नानांनी किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं, इतक्या हळू आवाजात की नानांना ते कळलंच नाही. त्यांनी किल्ली पुन्हा फिरवली आणि गाडी किंचाळली. मग त्यांनी क्लच दाबला. फियाटच्या सवयीनं दाबला, पाय धाडकन तळाला गेला. आणि डावा हात उचलून त्यांनी स्टिअरिंगच्या डाव्या बाजूचा दांडा खाली ओढला.

वायपर सुरू झाला.

कोरड्या काचेवर करकर करत वायपर फिरायला लागला. नानांनी दांडा वर केला, परत खाली केला. वायपर आणखी जोरात फिरला. अंगणात ऊन पडलेलं आणि वायपर चाललाय. समोर पेंडशांची सून हसू दाबत आत गेली. नानांचा हात खाली आला, गियर सापडला, गाडी दोन हात पुढे उडाली आणि त्यांनी सगळं वजन ब्रेकवर टाकलं. अरुंधतीचं कपाळ समोर आपटता आपटता वाचलं. इंजिन बंद पडलं. वायपर चालूच.

ती नानांच्या हाताकडे बघत होती. तो हात अजूनही स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला काहीतरी शोधत होता. दिवाळीपासूनचं सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. रोजचं धुणं, पुसणं, कापड ओढणं. साबणाची डबी. ह्या माणसाला ही गाडी चालवताच येत नव्हती. एकदाही चालवली नव्हती. येत नाही म्हणून त्यांनी गाडीला नावं ठेवली, आणि जिला येत होती तिला घाट दाखवला.

तिला कीव यायला हवी होती. तसं तिला नंतर कुणीतरी सांगितलंही. पण तिला आला तो संताप, कालच्यापेक्षा दुप्पट. नुसतं येत नाही एवढं म्हणायचं होतं. तिनं शिकवली असती. विचुंब्याच्या त्याच रिकाम्या रस्त्यांवर, रोज संध्याकाळी, शेजारी बसून शिकवली असती.

"सरका तिकडे," ती म्हणाली.

नानांनी तिच्याकडे पाहिलं. पण ही सीट सलग नव्हती. मध्ये गियर होता, हँडब्रेक होता. सरकता येत नव्हतं. नानांना दार उघडून उतरावं लागलं आणि गाडीला पुढून वळसा घालून, वायपरच्या समोरून, पेंडशांच्या ओट्यादेखत डाव्या दाराशी यावं लागलं. अरुंधतीनं जागा बदलली, वायपर बंद केला आणि गाडी फाटकातून बाहेर काढली.

उरणच्या रस्त्यावर बंदराकडे जाणारे लांबलचक ट्रेलर धूळ उडवत चालले होते. गव्हाण फाट्याच्या अलीकडे एक ट्रेलर अचानक हळू झाला, आणि तिला गियर बदलायचा होता तेवढ्यात नानांचा उजवा हात मांडीवरून उठला.

"हात मांडीवर," अरुंधती म्हणाली. समोरची नजर तिनं हलवली नाही.

हात परत मांडीवर गेला.

शाळेच्या आवारात आंब्याखाली तिनं गाडी लावली. नाना म्हणाले, किल्ली ठेवून जा, काचा लावायच्या झाल्या तर. ती म्हणाली, काचा हातानं लागतात. किल्ली तिनं पर्समध्ये टाकली आणि आत गेली.

हेडमास्तरांशी बोलणं लवकर झालं. तिनं होकार दिला, चहा नको म्हटलं आणि बाहेर आली. तेव्हा शाळेचा शिपाई दाजी गाडीच्या खिडकीत वाकून उभा होता. गावचाच माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"च्या घेता का, डायवरसायेब? बाईंना येल लागंल. तुमी रोजच येनार का आता?"

नानांनी समोरच्या काचेकडे पाहिलं.

"ड्रायव्हर मी नाही," ते म्हणाले. "बाईच चालवतात."

"आसं?" दाजी म्हणाला. "मंग तुमी?"

अरुंधती जवळ आली होती. दाजीनं तिला वाकून नमस्कार केला आणि तो घंटेकडे गेला. ती गाडीत बसली. किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"शनिवारी भावजी आले की आपण विचुंब्याला जायचं," ती म्हणाली. "ह्याच गाडीनं. तुम्ही चालवायची."

त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"आणि मी शेजारी बसून गियरला हात लावणार नाही. बंद पडली तरी नाही."

मग तिनं किल्ली फिरवली.