सांधा

आईने टॅबलेटवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, तुटकी रक्तवाहिनी पेनाने सफाईने जोडली आणि ती पुढच्या फांदीकडे वळली.

मुलीने हातातला कप खाली ठेवला. "आई, ही इथे जोडलेली नव्हती."

"तुटलेली दिसली म्हणून सांधली."

चाळीस वर्षं रफूकाम केलेला हात होता तो. मुलीच्या प्रयोगशाळेत डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांचे फोटो संगणक आपोआप गिरवायचा, पण बारीक वाहिन्या त्याच्या नजरेतून सुटत. म्हणून पडताळणीसाठी मुलीने आईच्या हाती पेन दिलं होतं. आईने केसाएवढी रेघही सोडली नव्हती. फक्त सव्वीसच्या सव्वीस डोळे तिने बसल्या जागी बरे करून टाकले होते.

मुलीला हसू आवरेना. मग शेजारी बसून तिने समजावलं. वाहिनीला फांदी फुटते, त्या फांदीला आणखी बारीक फांदी. कुठलाही तुकडा घ्या, तो अख्ख्या झाडासारखाच दिसतो. या जाळीवर चौकटी आखायच्या, रेघ कितींना शिवते ते मोजायचं, चौकटी लहान करून पुन्हा मोजायचं. त्यातून एक आकडा निघतो. आजाराने जाळी विरळ झाली की तो उतरतो, कधीकधी माणसाला स्वतःला काही जाणवायच्या आधी.

"म्हणजे जन्मभर भोकं बुजवून पोट भरलं, आता म्हातारपणी ती राखायची," आई म्हणाली. "आधी सांगायचं होतंस, शहाणे."

तिने सगळे फोटो पुन्हा गिरवले, या वेळी न सांधता. काम संपल्यावर तिने सुई पुढे केली. हल्ली सुया करणारे नेढी लहान करायला लागलेत, अशी तिची तक्रार होती. मुलीने दोरा ओवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती आईला प्रयोगशाळेत घेऊन गेली. कॅमेऱ्यासमोर बसण्याआधी आईने केस नीट केले.

"डोळ्याच्या आतला फोटो आहे, आई."

"असू दे. फोटो तो फोटो."

तो फोटो मुलीने घरी आणून स्वतःच गिरवला. आकडा चांगला आला. तिने खुर्चीला पाठ टेकली.

आई मागे येऊन उभी राहिली. कुणाचा डोळा, असं तिने विचारलं. तुझाच, म्हटल्यावर ती खाली वाकली. फोटो मोठा करून बराच वेळ बघत राहिली. मग तिचं बोट एका वळणाखाली थांबलं.

"इथे सांधलंयस."

मुलीने मूळ फोटो शेजारी उघडला. त्या वळणावर रेघ तुटलेली होती. आणखी दोन ठिकाणीही होती. तिन्ही ठिकाणी तिच्या हातची रेघ सलग गेली होती.

"नवशिकीचा सांधा आहे. लगेच दिसतो," आई म्हणाली. तिचा हात मुलीच्या डोक्यावर टेकला होता. "उसव."

मुलीने तिन्ही सांधे पुसले. आकडा पुन्हा काढला. तो वाचून दाखवायला तिला जरा वेळ लागला.

आईने मान हलवली. डॉक्टरांकडे सकाळी किती वाजता जायचं, तेवढं विचारलं. मग समोर बसून तिने रफू अर्धवट राहिलेला स्वेटर मांडीवर घेतला आणि सुईला एकही नाव न ठेवता ती मुलीपुढे धरली.