पहिले खाते

गेवराईतील ठिबक संचांच्या दुकानामागच्या खोलीत सुंदररावांनी सर्व्हर बसवला, तेव्हा दुपारचे ऊन खिडकीच्या गजांतून झिरपत फरशीवर पसरले होते. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या सुंदररावांची आणि त्यांची विद्यार्थिनी स्वप्नाली हिची एकच इच्छा होती: मोसंबीच्या बागांतले व्हॉल्व्ह उघडणारा आपला प्रोग्राम परक्या संकेतस्थळावर न राहता स्वतःच्या भांडारात नांदावा. कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली, हे सारे तेथे जपले जाणार होते. आणि जो भांडाराचा मालक, त्याच्या हाती बागांचे पाणी.

पडद्यावर पहिले खाते उघडण्याचे पान आले. जो ते उघडेल, तोच मालक.

"सर, तुमचं नाव टाका पटकन," स्वप्नाली म्हणाली. "इंटरनेट जोडलेलं हाय. दार सताड उघडं हाय, कुणीबी घुसंल."

"उद्घाटनाला बागायतदार अमरसिंहभाऊंना बोलावलं आहे. पहिला मान पाहुण्याचा."

"भाऊ अन् वेळेवर? तवर मशीन म्हातारं व्हईल, सर!"

ती हार आणायला गेली. पंख्याच्या संथ घरघरीत सुंदररावांचे डोळे जड झाले. प्रोग्रामच्या ओळी पाटाच्या पाण्यासारख्या वाहू लागल्या. जिथे एखादी ओळ बुंध्याशी पोहोचे, तिथे पानांआड मंद दिवा उजळे. मग बांधावर एक अनोळखी माणूस दिसला. तो निवांतपणे एकेक दिवा मालवीत निघाला होता.

"आपण कोण?" सुंदररावांनी अदबीने विचारले.

"मी आधी आलो," तो म्हणाला.

सुंदरराव दचकून जागे झाले. पडदा आता नाव आणि पासवर्ड मागत होता. इंटरनेटवरून कुणीतरी परके मालकाचे खाते उघडून मोकळे झाले होते.

त्यांनी इंटरनेटची वायर उपसली. स्वप्नाली दारात उभी होती.

"प्रोग्राम आत चढवलास?"

"न्हाई सर. तुमीच म्हणालात, भाऊंच्या हातानं चढवू."

म्हणजे घुसलेल्याच्या हाती रिकामे भांडारच लागले होते. सर्व पुसून सुंदररावांनी मांडणी पुन्हा आरंभापासून केली. तेच पान उगवले. उभे आयुष्य इतरांसाठी प्रयोगशाळा उभारण्यात गेलेल्या त्यांच्या बोटांना स्वतःचे नाव आधी लिहिण्याची सवय नव्हती.

"भाऊ रुसतील," ते पुटपुटले.

"बागा वाळल्या तर जास्त रुसतील."

सुंदररावांनी आपले नाव लिहिले.

ऊन कलल्यावर अमरसिंहभाऊ आले. "कुठं दाबू म्या, सर?"

"दाबून झालं, भाऊ. मीच दाबलं."

"मंग मला कावून बोलावलं?"

"दुसरं खातं स्वप्नालीचं, तुमचं तिसरं. सगळं पाहता येईल, बदलता मात्र येणार नाही."

स्वप्नालीने हाराची पुडी मागे लपवली. भाऊंच्या कपाळावर आठी चढली. "आन आमच्या बागंचं पाणी?"

"त्याचीच ही राखण आहे."

स्वप्नालीने प्रोग्राम चढवायला घेतला. पडद्यावर ओळी सरकू लागल्या, शांत, अखंड. भाऊंनी खुर्ची ओढली. "चढू द्या मंग," ते हळूच म्हणाले, आणि तिघे बराच वेळ त्या वाहत्या उजेडाकडे पाहत राहिले.