पाचव्या बटणातला आकडा

कीबोर्डवर बहात्तर बटणं होती. ती सगळी उपसून मी साबणाच्या पाण्यात घातली, जुन्या टूथब्रशने घासली आणि वर्तमानपत्रावर मांडून वाळवली. वाळल्यावर पुन्हा मोजली, बहात्तर भरली. त्यांतल्या अठ्ठावन्न बटणांवरची अक्षरं जवळजवळ नव्यासारखी होती. दहांवरची फिकट झाली होती. चार बटणं पार कोरी होती: स्पेस, एंटर, एफ-वन आणि एफ-फाइव्ह. आकड्यांच्या रांगेत आठ चांगला ठळक होता. मी हे वहीत लिहून ठेवलं. त्यावर विचार केला नाही, कारण त्या वेळी मला फक्त काँप्युटर चालू करायचा होता.

तो माझ्यापेक्षा वयाने मोठा. मामाने कॉलेजात असताना खेळायला घेतला होता. कीबोर्डच्याच पोटात सगळं यंत्र आणि पडदा म्हणून घरचा टीव्ही. मामाचा उत्साह ओसरला तेव्हा तो बाबांकडे आला आणि बाबांनी तो उचलून थेट धरणाच्या चौकीत नेला. ऑफिस काही देईना, म्हणून त्यांनी पुस्तकात बघून स्वतःच प्रोग्रॅम लिहिला. बारा वर्षं तो प्रोग्रॅम रोज एकच प्रश्न विचारत होता: आज पाझर किती?

मातीच्या धरणातून थोडं पाणी नेहमीच झिरपतं. ते धरणाच्या पायथ्याशी एका चरात गोळा करतात आणि चराच्या तोंडाशी एक लोखंडी पत्रा बसवतात. पत्र्याला वर रुंद, खाली टोकदार अशी खाच असते. खाचेतून पाणी किती उंचीने वाहतं ते शेजारच्या पट्टीवर मिलिमीटरमध्ये वाचायचं. उंची वाढली म्हणजे धरण आतून जास्त झिरपतंय. रोज सकाळी चौकीतून एकशे अठरा पायऱ्या उतरायच्या, पट्टी वाचायची, वर यायचं, आकडा टाकायचा. हे बाबांचं काम. निवृत्तीला त्यांचे सात आठवडे उरले होते.

आणि धरणात गुरुवारपासून पाणी दोन मीटर वर चढवायचं होतं. इतकं ते कधीच भरलं नव्हतं. इंजिनिअर मॅडम मागच्या आठवड्यात चौकीत येऊन सांगून गेल्या होत्या, "बारा वर्षांचा पाझर मला एका फाइलमध्ये हवा. आकडे स्थिर असतील तर भरायला हरकत नाही." धरणाखाली तीनशे चाळीस घरं आहेत. आमचं क्वार्टर वर, चौकीला लागून.

आजवर ऑफिसला महिन्याची सरासरी तेवढी कागदावर जायची. रोजचे आकडे फ्लॉपीवरच होते आणि त्या फ्लॉप्या दुसरं कुठलंच यंत्र वाचत नव्हतं. म्हणून बाबांनी काम माझ्यावर सोपवलं.

"नुसती नक्कल कर," ते म्हणाले. "आत बोटं घालू नकोस."

"आत बोटं घालायचीच पदवी आहे माझी, बाबा."

"पदवी आहे. नोकरी नाही," ते म्हणाले आणि चहा घ्यायला आत गेले.

मंगळवारी सकाळी चौकीत एकटी बसून मी तो चालू केला. या काँप्युटरवर एफ-ची दहा बटणं स्वतःला हवी तशी ठरवता येतात. हवे ते पंधरा अक्षरांपर्यंतचे शब्द बटणाला द्यायचे, मग ते दाबलं की शब्द आपोआप उमटतात. कुठल्या बटणात काय आहे ते पडद्याच्या तळाच्या ओळीत दिसतं. यंत्र बंद केलं की सगळं पुसलं जातं, म्हणून रोज सुरुवातीला चालणाऱ्या प्रोग्रॅममध्येच ते लिहून ठेवावं लागतं. बाबांच्या प्रोग्रॅममध्ये पहिल्याच ओळीत तळाची ओळ झाकून ठेवण्याची आज्ञा होती. मी ती उघडली, इतकंच केलं.

एफ-वनमध्ये चालू वर्ष आणि महिना. एफ-टूमध्ये छपाईची आज्ञा. तीन आणि चार रिकामी. एफ-फाइव्हमध्ये ३८ आणि त्यामागे एंटर.

म्हणजे प्रोग्रॅमने पाझर विचारायचा आणि एक बटण दाबायचं. तीन नको, आठ नको, एंटरही नको.

मला आधी हसू आलं. बाबा आळशी नाहीत, पण कंजूष आहेत. सुतळीचा तुकडाही टाकत नाहीत, तर बोटांचे तीन ठोके कुठून वाया घालवतील. पाझर बहुतेक वेळा अडतीसच असेल तर असं बटण करणं शहाणपणाचंच. तो बहुतेक वेळा किती असतो, ते मोजून पाहावं असं वाटलं.

एकूण ४,३८३ दिवस होते. पहिल्या आठ वर्षांतले २,९२२. त्यांत अडतीस १,००४ वेळा, सदतीस ७०२ वेळा, एकोणचाळीस ७४१ वेळा आणि बाकीचे थोडे इकडे, थोडे तिकडे. खरं पाणी असंच वागतं. उरलेल्या चार वर्षांत १,४६१ दिवस. त्यांतले एकोणसाठ दिवस बाबा रजेवर होते. उरलेल्या १,४०२ दिवसांपैकी १,३७१ दिवस अडतीस. चार वर्षं पाणी जवळजवळ हललंच नव्हतं. मी हे गणित तीनदा केलं.

मग रजेचे एकोणसाठ दिवस वेगळे काढले. त्या दिवसांत पट्टी वाचायला मिशाकाका जायचे. ते दरवाजे चालवतात. मिशी अजून काळी आहे आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. त्यांचे आकडे पहिल्या वर्षी एकोणचाळीस ते एक्केचाळीस होते. दुसऱ्या वर्षी चव्वेचाळीसच्या आसपास. तिसऱ्या वर्षी सत्तेचाळीस ते एक्कावन्न. या वर्षी त्रेपन्न, पंचावन्न, सत्तावन्न. प्रत्येक वेळी बाबा रजेवरून परतले की दुसऱ्या दिवशी पुन्हा अडतीस.

मिशाकाका दरवाजाच्या चाकाला ग्रीस लावत होते. मी विचारलं, "काका, तुम्ही ते पाचवं बटण वापरता का?"

"छे. मला कुठलं बटण काय बोलतं ते कळत नाही. मी आपला एक एक आकडा बघून दाबतो. का गं?"

"तुमचे आकडे मोठे येतात."

"येतात ना. तुझ्या बापाच्या हाताला पाणी कमी लागतं आणि माझ्या हाताला जास्त." ते हसले, मग हात पुसले. "मी विचारलं होतं त्याला एकदा. म्हणाला, मिशा, तू उभ्यानं वाचतोस, डोळा पट्टीच्या रेषेत आण. तेव्हापासून मी गुडघ्यावर बसून वाचतो. पँटी खराब होतात. आकडा काही खाली येत नाही. शेवटी म्हटलं, माझाच डोळा तिरका."

घरी आई भाजी निवडत होती. बाबा सकाळी किती वाजता उतरतात, असं मी सहज विचारावं तसं विचारलं. आईने मान वर केली नाही.

"खाली जाणारा माणूस या खिडकीतून दिसेनासा होतो," ती म्हणाली. "मिशाभावजींचं डोकं दहाव्या पायरीला जातं. यांचं डोकं दिसत राहतं. वीस मिनिटं बसतात वरच्या पायरीवर आणि परत येतात. मी म्हटलं, सिगारेट ओढत असतील."

"तू विचारलं नाहीस?"

"काय विचारू? सिगारेटचा वास कधी आलाच नाही."

दुपारी बाबा चौकीत आले. तळाची ओळ पडद्यावर उघडीच होती. त्यांनी ती पाहिली, स्टूल ओढलं आणि बसले.

"शास्त्रज्ञबाई," ते म्हणाले. नेहमीच्या चेष्टेचाच शब्द, पण आवाज खाली होता.

"बाबा, तुम्ही खाली जात नाही."

त्यांनी टेबलावरचा पेन्सिलचा तुकडा उचलून परत ठेवला. मग सांगायला लागले ते क्रमाने, कामाचा अहवाल द्यावा तसं. चार वर्षांपूर्वी सत्तराव्या पायरीच्या आसपास ते पडले होते. घरी मात्र चौकीच्या दारात पाय मुरगळला म्हणून सांगितलं. पाय आठवड्यात बरा झाला. चक्कर गेली नाही. खाली पाहिलं की पायऱ्या हलायच्या.

"सांगितलं असतं तर काम गेलं असतं. कामाबरोबर क्वार्टर. तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतीस." ते थांबले. "तुझ्यावर ढकलत नाहीये. तेव्हा मनात काय होतं ते सांगतोय."

"बटण तेव्हा केलंत?"

"बटण पहिल्या वर्षापासूनचं. तेव्हा उतरायचो, अडतीस दिसलं तर ते दाबायचो, नाहीतर हातानं टाकायचो. मग सोमवारीच उतरायला लागलो. बसत बसत. आठवड्याला तेवढंच. मग महिन्यातून एकदा."

"शेवटचे कधी उतरलात ते आकड्यांत दिसतं. अडीच वर्षांपूर्वी. त्रेचाळीस लिहिलंय."

"होतंच त्रेचाळीस."

"आणि दुसऱ्या दिवशी अडतीस."

"त्रेचाळीस चालू ठेवलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं का वाढलं म्हणून. मग रोज उतरावं लागलं असतं." हे ते अगदी साधेपणाने म्हणाले.

बाहेर मिशाकाकांच्या चाकाचा आवाज येत होता. बाबांनी पडद्याकडे बोट केलं.

"ही ओळ काढता येते ना?"

"येते."

"आणि मिशाचे दिवस?"

"तेही. एकोणसाठ आहेत. सरासरी फारशी हलणार नाही. कुणाला कळणार नाही."

हे मी म्हणाले, कारण ते खरं होतं. दोन आज्ञांचं काम होतं. माझी बोटं कीबोर्डवरच होती, आणि पेन्शन, क्वार्टर, आईची खिडकी, हे सगळं मला एखाद्या बेरजेसारखं समोर मांडलेलं दिसत होतं. त्याच बेरजेत तीनशे चाळीस घरं होती आणि गुरुवार होता. मी हात उचलून मांडीवर ठेवले. वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त भीती वाटत होती, की ते 'काढ' म्हणतील आणि मग मला त्यांना नाही म्हणावं लागेल.

"किती दिवस झाले एकूण?" त्यांनी विचारलं. "माझे. न उतरता."

"एक हजार तीनशे एकाहत्तर अडतीस आहेत. सुरुवातीचे काही खरे असतील."

"तेवढे नसतील."

"मोजलेत, बाबा."

त्यांनी स्टूल पडद्यापासून मागे सरकवलं. मग म्हणाले, "मिशाला मी म्हटलं होतं, तुझा डोळा चुकतो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तो गुडघ्यावर बसतो का अजून?"

"बसतात."

त्यांनी फोन ओढला. नंबर त्यांना पाठ होता. "मॅडम, चौकीतून बोलतोय. गुरुवारी पाणी चढवू नका. नाही, फाइल तयार आहे. फाइलमधले चार वर्षांचे आकडे माझ्या पदरचे आहेत. हो. मीच. तुम्ही या, लेखी देतो." पलीकडून बराच वेळ बोलणं चालू होतं. बाबा "हो", "बरोबर आहे", "हो" एवढंच म्हणत होते. शेवटी म्हणाले, "आजचा खरा आकडा? तासाभरात कळवतो."

फोन ठेवून ते उठले. "चल."

"मी जाते. मिशाकाकांना घेऊन. तुम्ही बसा."

"आकडा मी कळवतो म्हणालो ना." दाराशी ते वळले. "बादली घे. पत्र्याला गंज चढला असेल, नुसत्या पट्टीचं काय खरं. दहा लिटरची, आणि तुझं ते सेकंदाचं घड्याळ."

ते बसून उतरले. एका पायरीवर बसायचं, पाय खालच्या पायरीवर टेकवायचे, मग सरकायचं. मी त्यांच्यापुढे दोन पायऱ्या, तोंड त्यांच्याकडे करून उलटी उतरत होते, म्हणजे खालचं त्यांना दिसू नये. त्यांचे डोळे माझ्या शर्टाच्या तिसऱ्या गुंडीवर होते. चाळिसाव्या पायरीला ते म्हणाले, "बोलत राहा काहीतरी." मी खाचेचं सूत्र सांगायला लागले. अडतीसला सेकंदाला किती पाणी येतं ते त्यांनी माझ्या आधी सांगितलं, आणि दहा लिटरला जवळपास सव्वीस सेकंद लागतात, हेही. सत्तराव्या पायरीजवळ ते थांबले आणि डोळे मिटून पाच मिनिटं बसले. मिशाकाका वरून ओरडून विचारत होते, येऊ का. बाबा डोळे न उघडता म्हणाले, "त्याला सांग, तिथेच थांब. मला वर चढवायला लागेल तो."

खाली चरात गवत वाढलं होतं. पाण्याचा आवाज मला वरूनच आला होता, पण त्याचा अर्थ लागण्याइतकं मी ते कधी ऐकलं नव्हतं. बाबा चराच्या काठाशी गुडघ्यावर बसले, पट्टीवरचं शेवाळ अंगठ्याने पुसलं आणि डोळा रेषेत आणला. त्यांनी दोनदा वाचलं. मग मला वाचायला सांगितलं. आमचे दोघांचे आकडे सारखे होते.

त्यांनी बादली खाचेखाली धरली. मी घड्याळ दाबलं. बादली भरली, त्यांनी ती ओतली, पुन्हा धरली. तीनदा.

मी वहीत लिहिलं आणि त्यांनी खाली सही केली. मंगळवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. पट्टीवर एकोणसाठ मिलिमीटर. दहा लिटरला पहिल्यांदा ८.६ सेकंद, दुसऱ्यांदा ८.५, तिसऱ्यांदा ८.७.