अर्ध्या तांब्यात अडकलेला व्हॉल्व्ह

मी एक व्हॉल्व्ह बोलतोय. नाकाला पदर लावू नका, सध्या मी स्वच्छ आहे.

फिरत्या घराची गाडी असते ना, तिच्यातल्या संडासाच्या टाकीला खाली बुडाशी मला बसवलंय. माझ्या पोटात एक पातळ पाती आहे. आत गाडीत बटण दाबलं की माझी छोटी मोटर फिरते, पाती सरकते आणि टाकी रिकामी होते. पुन्हा दाबलं की पाती बंद. एवढंच माझं काम. पण एवढ्याशा कामापायी मी जितक्या शिव्या खाल्ल्या, तितक्या वेळेवर न आलेल्या एसटीनेही खाल्ल्या नसतील.

जन्म माझा कुठल्याशा कारखान्यात झाला. डोळे उघडले ते मात्र पुण्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये. तिथे एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची बाकडी काढून आत पलंग, ओटा आणि बसायचा संडास बसवणं चाललं होतं. बाकीच्यांच्या वाट्याला पडदे, दिवे, आरसे आले. माझ्या वाट्याला काय आलं ते तुम्हाला कळलंच.

गाडीचा मालक करण, देवळाली प्रवऱ्याचा. गाडी भाड्याने द्यायला केली असं तो चारचौघांत सांगायचा. खरी केली ती आईसाठी. त्याच्या आईच्या, साळूबाईच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. तिला खाली बसता येत नाही. तिचं माहेर पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या कडेला. तिथे तिची थोरली बहीण भागूबाई राहते. भागूबाईकडे संडास आहे, पण उकिडवं बसायचा. आणि भागूबाईला गाडी लागते, पहिल्या वळणालाच ओकारी सुरू, त्यामुळे ती देवळालीला येत नाही. ऑपरेशन झाल्यापासून या दोघी बहिणी भेटल्या त्या कुणाच्या लग्नात नाहीतर कुणाच्या दहाव्याला, तासाभरापुरत्या. त्या दिवशी साळूबाई सकाळपासून पाण्याचा थेंब तोंडात घ्यायची नाही. का घ्यायची नाही ते बायकांना सांगायला नको.

करण म्हणाला होता, "आई, आता संडास घेऊनच माहेरी जा. चांगली आठ-पंधरा दिवस ऱ्हा." म्हातारी त्या रात्री झोपलीच नाही म्हणे.

आम्ही निघालो. भागूबाईच्या दारातल्या लिंबाखाली गाडी लागली. पहिले तीन-चार दिवस दोघी बहिणी नुसत्या बोलत होत्या. शेंगा फोडता फोडता बोलायच्या, भाकरी थापता थापता बोलायच्या. मला वरून सगळं ऐकू यायचं. बरं वाटायचं.

पण टाकीच्या आत काय चाललं होतं ते मला एकट्याला ठाऊक होतं. साळूबाईचं सासर कालव्याच्या काठावर, उसाच्या पट्ट्यात. पण तिची वाढ झाली टँकरच्या गावात. इतकी वर्षं संसार झाला तरी पाण्याला तिचा हात सैल झाला नाही. संडासात ती पाणी टाकायची ते अर्धा तांब्या. तोही जिवावर आल्यासारखा. माहेरी आल्यावर तर अर्ध्याचा पाव झाला. अहो, मी पातळ घाणीसाठी बनलेला व्हॉल्व्ह आहे. माझ्या पातीवर नुसता थर बसत गेला, सुकत गेला आणि घट्ट झाला. मी ओरडणार कसा?

एका सकाळी आत लाल दिवा लागला. टाकी निम्मी भरली की तो लागतो. करणने जाड पाइप माझ्या तोंडाला जोडला, दुसरं टोक भागूबाईच्या संडासाच्या शोषखड्ड्यात सोडलं आणि बटण दाबलं. मी जोर लावला. घुर्र झालं आणि थांबलं. पाती जागची हलेना.

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा घुर्र. मग तो दाबतच सुटला. माणसांची ही एक खोड मला कधी कळली नाही. एकदा दाबून जे झालं नाही ते दहादा दाबून कसं होईल? माझी मोटर तापली, वास सुटला.

"फ्यूज गेलाय," करण म्हणाला. फ्यूज काढला, उन्हात धरून पाहिला. धडधाकट होता. तरीही बदलला. मग बॅटरी. तिच्या टोकांवरची पांढरी भुकटी चाकूने खरवडली. मग अर्थिंगची वायर सोडली, घासली, परत आवळली. दरवेळी बटण, दरवेळी घुर्र. अरे बाबांनो, वीज येत नसती तर मी घुर्र तरी कशाने केलं असतं? एवढा साधा विचार कुणाला सुचेना. संताप संताप झाला माझा.

तोवर लिंबाखाली अर्धं गाव जमलेलं. एक म्हणाला कपॅसिटर गेला. दुसरा म्हणाला एक फेज येत नसल. बॅटरीवरच्या गाडीला फेज कुठून आणू? गावातला बजरंग विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करतो, त्याला बोलावलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पाना घेऊन मला दोन ठोके घातले.

"ह्यो वॉल जळालाय," तो म्हणाला. "नवा टाकावा लागंल. हितं न्हाई मिळायचा. पुन्याहून आनावा लागंल."

करणने पाना जमिनीवर आपटला. "झालं मग. आई, आवर. दुपारी निघू आपन."

भागूबाईने नुकताच हातात दिलेला चहा साळूबाईने न पिता घराच्या ओट्यावर ठेवून दिला. पाण्याचा गडूही बाजूला सारला. माझ्या जळण्याचं मला काही वाटलं नव्हतं, पण तो न प्यायलेला चहा पाहून मला स्वतःचीच चीड आली. मी जळालेलो नव्हतो हो. अडकलेलो होतो. हे सांगायला मला तोंड होतं, पण ते होतं पाइपाला जोडलेलं.

बजरंग जायला निघाला होता. काय वाटलं कोण जाणे, वळला. "जळालाच हाय तर सोडून तरी बघू," म्हणाला. त्याने माझे स्क्रू काढले, मोटर पातीपासून वेगळी केली आणि हातात धरून करणला बटण दाबायला सांगितलं. मोटर त्याच्या मुठीत भिरभिर फिरली.

"आयला, चांगली हाय की," बजरंग म्हणाला, जरा ओशाळूनच. "म्हंजी पाती आवळलीया. आत सुकलंय समदं."

करण ओट्यापाशी गेला. "आई, तू आत पानी किती टाकती?"

"टाकती की. अर्धा तांब्या."

"फकस्त?"

"मग काय घागर वतू? मानसं टँकरमागं पळत्यात हितं, आन् मी संडासात पानी लोटू व्हय?"

करण डोक्याला हात लावून पायरीवर बसला. "आई, ती टाकी हाय. तिला भरपूर पानी लागतं, न्हाईतर वॉल धरतो. निदान चार-पाच बादल्या वताव्या लागतील आता." मग त्याने ओट्याजवळच्या निळ्या ड्रमकडे पाहिलं आणि मान फिरवली. टँकर येऊन गेला होता. पुढचा कधी येईल याचा नेम नव्हता. गाडीची स्वतःची पाण्याची टाकी तर कालच संपली होती.

"ऱ्हाऊ दे," साळूबाई म्हणाली. "जाऊ आपन. आक्काच्या ड्रमाला हात लावायचा न्हाई."

भागूबाईने ड्रमवरचं ताट उचललं, फडकं बाजूला केलं आणि बादली बुडवली. साळूबाई काठी टेकत, लंगडत तिच्याकडे गेली आणि तिचं मनगट धरलं.

"आक्का, ह्ये प्यायचं पानी हाय."

"व्हय. तू प्यावंस म्हनूनच वतती," भागूबाई म्हणाली. "आल्यापासून बघती, घोट घोट पिती. आन् आज तर च्या बी सोडला. गुडघ्यापायी इतकी वर्सं आली न्हाईस. आता पान्यापायी जानार व्हय?"

साळूबाईचा हात सुटला.

बादल्या आल्या. एकेक बादली माझ्या डोक्यावर आदळत होती आणि मला लाज वाटत होती. त्या पाण्यात दोघींचा स्वयंपाक झाला असता. मग करणने मोटर परत बसवली, पाइप काढला आणि गाडी डोंगराकडच्या खडकाळ रस्त्याला घातली. त्या रस्त्याला लोक रोज नावं ठेवतात. त्या दिवशी त्याच्या एकेका खड्ड्याने आतला थर हलवला, भिजवला, सोडवला. पाणी डचमळत होतं आणि मी हादरत होतो.

परत आल्यावर पाइप जोडला. या वेळी करणने बटण एकदाच दाबलं आणि बोट काढून घेतलं. मी होतं नव्हतं ते बळ लावलं. पाती करकरली, अडली आणि सरकली. खड्ड्यात धो धो आवाज झाला. बजरंगने नाक धरून टाळी वाजवायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही. मागे ओट्यावर साळूबाईने गार झालेला चहा उचलला आणि एका दमात पिऊन टाकला.

ती तिथे ठरल्यापेक्षाही जास्त राहिली. भागूबाईने मग युक्ती काढली. भांडी विसळलेलं, कपडे पिळलेलं पाणी ती बादलीत साठवायची आणि रोज आणून माझ्यावर ओतायची. "टाकीला कुठं पान्याची चव कळती," म्हणायची. कळते मला. सांगणार कुणाला?

आता गाडी देवळालीत घराशेजारी उभी आहे. बरेच दिवस झाले, कुठे गेलेली नाही. गिऱ्हाईक येतं, संडासाची टाकी स्वतः रिकामी करावी लागते हे ऐकून परत जातं. करण कधी कधी गाडी विकायची भाषा करतो. रिकाम्या टाकीखाली माझ्या पातीभोवतीचं रबर सुकायला लागतं. सुकलं की तडकतं आणि तडकलं की माझा उपयोग संपला. तेव्हा माझं एवढंच मागणं आहे: मला वापरा. बटण एकदाच दाबा. आणि घुर्र झालं तर आधी माझ्याकडे नाही, तुमच्या तांब्याकडे बघा.

पण माझी काळजी करणारी एक आहे. अधूनमधून पाथर्डीकडून फोन येतो. भागूबाई तब्येत विचारत नाही, पाऊसपाणी विचारत नाही. पहिलं विचारते, "साळू, टाकीत पानी टाकलंस का?"

फोन ठेवून साळूबाई काठी टेकत येते, गाडीची पायरी चढते आणि भरलेली बादली संडासात ओतते. आधी अर्धी ओतून थांबते. मग उरलेलीही ओतते.